मांगराचं जोतं: पत्र्याच्या आधी जमीन बघा



1 जूनला मासेमारी बंदी लागते. दोन महिने जाळी, दोर, इंजिन, बर्फ, सुकी मासळी सगळं घरामागच्या मांगरात येतं. दरवर्षी पत्रा बदलायला सगळे तयार, जमिनीकडे कोण बघत नाही. पाऊस वरून पडतो, पण ओल खालून चढते. नायलॉनचं जाळं कुजत नाही, मात्र काथ्याचा दोर कुजतो, इंजिनाला गंज धरतो आणि घरच्या बायकांनी उन्हात राबून सुकवलेल्या मासळीला बुरशी येते.

जागा सीआरझेडमध्ये असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्या. बांधल्यावर धावपळ नको.

वरची काळी माती आणि मुळं अर्धा फूट काढून टाका. मुरूम अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारून, धुमशीने ठोकून भरा. गेल्या पावसात पाणी जिथपर्यंत आलं, त्याच्या वर जोतं हवं. त्यावर काळ्या दगडाचं सोलिंग घाला. चिऱ्याचे तुकडे स्वस्त पडतात, पण चिरा पाणी शोषतो. दगडांतल्या मोठ्या पोकळ्यांतून ओल वर चढू शकत नाही, सोलिंगचं खरं काम तेच. मग पातळ वाळू आणि त्यावर 250 मायक्रॉनचं प्लास्टिक. सांधे अर्धा फूट एकमेकांवर, टेप मारून, कडा वर वळवून. जुनी ताडपत्री चालणार नाही, तिला भोकं असतात.

वर 4 इंच काँक्रीट, 1:2:4. दर्याची वाळू अजिबात नको. मिठामुळे ओल सुटत नाही, सळ्या गंजतात, आणि ती काढायलाही बंदी आहे. आठवडाभर तरी पाणी मारा, म्हणजे काम मे संपायच्या आत उरकायला हवं.

बर्फाच्या कोपऱ्याला आणखी थर लागतो. काँक्रीटवर परत प्लास्टिक, त्यावर थर्माकोल, पुन्हा प्लास्टिक आणि वर जाळी घालून 3 इंच काँक्रीट. पॅकिंगचा मऊ थर्माकोल दबतो, घनमीटरला 20 किलोच्या वरचा मागा. हिशेब असा: जमीन 28 अंश धरली तर 5 सेंटीमीटर थर्माकोलमधून एका चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण 5 किलो बर्फ वितळतो. थर 10 सेंटीमीटर केला की निम्मा. म्हणून आम्ही दोन थर सांगतो, वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ न देता. पण थर्माकोलमध्ये पाणी शिरलं तर सगळा खर्च बुडाला. त्यातली हवा उष्णता अडवते, पाणी हवेच्या वीसपट उष्णता वाहून नेतं.

वितळलेल्या पाण्यासाठी उतार द्या, 8 फुटांना 1 इंच. नळीला यू-बेंड बसवा, नाहीतर त्याच वाटेने गरम हवा आत येते, आणि उंदीरही.

कोणाचं काम चालू असेल तर काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी ऑफिसात सांगा. प्लास्टिकचे सांधे आम्ही येऊन बघून देऊ.