जुन्या विमानाची निगा

वाटेत बैलगाडीचे चाक डुगडुगू लागले, तर गाडीवान बैलांना थांबवतो, खाली उतरतो आणि चाकाची खीळ तपासून पाहतो. मोटार बिघडली, तर तीही रस्त्याच्या कडेला उभी करता येते. परंतु आकाशमार्गाला कड नाही. तेथे वाहन थांबवून खाली उतरण्याची सोय नाही. म्हणून विमानातील दोषांचा शोध ते जमिनीवर असतानाच घ्यावा लागतो. हा शोध कसा घेतात, आणि त्यासाठी माणसाच्या अंगी कोणते गुण असावे लागतात, ते आपण एका लहानशा, जुन्या विमानाच्या उदाहरणावरून पाहू.

शेकडो उतारूंना नेणारी प्रचंड विमाने मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकीची असतात. परंतु अमेरिकेत कित्येक सामान्य माणसांजवळही स्वतःची लहान विमाने आहेत. अशा विमानांत ‘पायपर कब’ हे फार प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॉक हेवन या गावच्या कारखान्यात १९३८ ते १९४७ या काळात या जातीची जवळजवळ २०,००० विमाने तयार झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील हजारो तरुण याच विमानावर उड्डाणाचे पहिले धडे शिकले. पिवळाधमक रंग आणि त्यावर काळी रेघ, ही त्याची ओळख. त्यांपैकी अनेक विमाने आजही आकाशात विहार करतात. आजोबांच्या तरुणपणी बांधलेले विमान नातू उडवतो, ही गोष्ट निगा राखल्यावाचून कशी घडेल?

या विमानाची रचना अगदी साधी आहे. पोलादी नळ्या जोडून त्याचा सांगाडा बनवलेला असतो, आणि त्यावर घट्ट ताणून कापड बसवलेले असते. होय, कापडच! पंखांवरही कापडाचेच आच्छादन असते. एकामागे एक अशा दोनच बैठका. एकट्याने उडवायचे झाल्यास वैमानिक मागच्या बैठकीवर बसतो. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे साडेतीनशे किलोग्रॅम भरते. पुष्कळशा कब विमानांत ६५ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन असते. ते सुरू करण्यासाठी विजेचे साधन नसते. चाकांना अडसर लावून पुढचा पंखा हाताने फिरवावा लागतो. टाकीत पेट्रोल किती आहे, हे सांगण्याची युक्तीही मोठी गमतीची आहे. टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असते आणि तिच्या खालच्या टोकाला बूच अडकवलेले असते. पेट्रोल कमी होऊ लागले, की बूच खाली जाते व त्याबरोबर तारही खाली जाते.

उड्डाणापूर्वी दर वेळी विमानाभोवती फेरी घालून त्याची पाहणी करण्याचा प्रघात आहे. प्रथम इंधनाच्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जमते. भांड्याच्या तळाशी पाण्याचे थेंब दिसले, तर ते पूर्णपणे निघून जाईपर्यंत पेट्रोल काढत राहतात. हेच पाणी इंजिनात गेले, तर इंजिन ऐन उड्डाणात बंद पडण्याचा संभव असतो. नंतर तेल, चाके, पंख आणि शेपूट यांची पाहणी होते. इंजिन सुरू झाल्यावर आणखी एक परीक्षा असते. प्रत्येक सिलिंडरात दोन स्पार्क प्लग असतात, आणि त्यांना वीज पुरवणारी दोन मॅग्नेटो यंत्रे परस्परांपासून स्वतंत्र असतात. एक निकामी झाले, तरी दुसऱ्याच्या बळावर इंजिन चालू राहावे, हा त्यातील हेतू. वैमानिक एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहतो. पंख्याचे फेरे किंचित कमी झाले, तर ठीक. फारच कमी झाले, तर उड्डाण रद्द!

याहून बारीक तपासणी हँगरमध्ये, म्हणजे विमानघरात, चालते. इंजिनातील तेल बदलताना तेल गाळणारी जाळी बाहेर काढून उजेडात धरतात. तिच्यावर धातूचे चमकणारे कण आढळले, तर इंजिनाच्या आत कोठेतरी झीज होत आहे, असे समजावे. वैद्य नाडीवरून शरीरातील व्याधी ओळखतो, तसा यंत्रज्ञ या जाळीवरून इंजिनाची प्रकृती ओळखतो. वैमानिकाच्या हातातील दांड्यापासून पंखांपर्यंत आणि शेपटीपर्यंत पोलादी तारांचे दोर गेलेले असतात. त्या दोरांवरून यंत्रज्ञ एक फडके हळूहळू सरकवत नेतो. दोरातील एखादी बारीकशी तार जरी तुटलेली असली, तरी फडके तेथे अडकते. डोळ्यांना न दिसलेला दोष चिंधीने सापडतो! इंजिनाच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नयेत, म्हणून अनेक बोल्टांच्या डोक्यांना भोके पाडून त्यांतून बारीक तार ओवतात. ही तार अशा बेताने पिळतात, की बोल्ट सैल होऊ लागला, तर तिची ओढ त्याला आवळण्याच्याच दिशेने बसावी. थंडीच्या दिवसांत उंदीर पंखांत शिरून घरटी करतात आणि त्यांच्या मूत्राने धातू खराब होतो. म्हणून पंखांच्या आतही दिवा दाखवून पाहावे लागते.

आता कापडाचा विचार करू. पूर्वी या कामासाठी सुती कापड वापरीत. आता बहुधा पॉलिएस्टरचे वापरतात. पंखाच्या आतील फासळ्यांशी हे कापड मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेले असते, म्हणून विमान दुरुस्त करणाऱ्याला सुईदोऱ्याचे कामही यावे लागते. कापडाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. उन्हाने ते जीर्ण होते. त्यापासून रक्षण व्हावे, म्हणून रंगाच्या खाली ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला रुपेरी लेप देतात. वरचा रंग नव्यासारखा चमकत असला, तरी खालचे कापड कुजलेले असू शकते. म्हणून त्याची शक्ती मापून पाहतात. विमानाला आवश्यक असलेल्या नव्या कापडाच्या शक्तीपेक्षा ती ७० टक्क्यांहून कमी भरली, तर सारे कापड काढून नवे चढवणे भाग पडते.

परंतु सर्वांत घातक शत्रू याहूनही अधिक लपलेला असतो. कब विमानाच्या प्रत्येक पंखाला खालून पोलादी नळ्यांचे तिरपे टेकू दिलेले असतात. उडताना पंखावर पडणारा भार मुख्यतः हे टेकू पेलतात. या नळ्या आतून पोकळ असतात. त्यांत पाणी झिरपले, तर ते खालच्या टोकाशी साचते आणि आतून गंज चढू लागतो. बाहेरचा रंग गुळगुळीत, तकतकीत. आणि आत मात्र पोलाद दिवसेंदिवस पातळ होत चाललेले! असा टेकू आकाशात मोडला, तर पंखच निखळतो. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने अशा टेकूंच्या तपासणीची सक्ती केली आहे. ज्या नळ्या नव्या पद्धतीने पूर्णपणे बंद केलेल्या नाहीत, त्या दर २४ महिन्यांनी तपासाव्या लागतात. एका उपकरणाने टेकूच्या खालच्या भागावर ठरावीक दाब देतात. तेवढ्या दाबाने नळीला खळगा पडला, तर तो टेकू कायमचा बाद होतो.

विमानाचा मालक वैमानिक असेल, तर तेल बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, कापडाला लहानसे ठिगळ लावणे अशी काही साधी कामे त्याला स्वतः करण्याची मुभा असते. मोठी दुरुस्ती मात्र परवाना असलेल्या यंत्रज्ञावाचून होऊ शकत नाही. शिवाय अधिकृत तपासनिसाकडून वर्षातून एकदा सबंध विमान तपासून घ्यावे लागते. प्रत्येक कामाची नोंद तारीख व सही यांसह वहीत करावी लागते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणी काय दुरुस्त केले, हे या नोंदवह्यांवरून आजच्या यंत्रज्ञाला कळते. वहीतील एक खोटी ओळ पुढे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

समजा, उद्या सुटीचा दिवस आहे. आकाश निरभ्र आहे. मित्राला विमानातून फिरवून आणण्याचे मालकाने कबूल केले आहे. आणि आज संध्याकाळी टेकूला दाब देताच एक लहानसा खळगा पडला! ‘एवढ्याशा खळग्याने काय होणार? उद्याचे एक उड्डाण होऊ द्यावे, मग पाहू,’ असे मन म्हणू लागते. तो खळगा पाहणारा दुसरा कोणीही तेथे नाही. अशा वेळी जो मनुष्य निमूटपणे वही उघडतो, ‘टेकू बाद’ असे लिहितो आणि मित्राला निरोप पाठवतो, तोच विमान बाळगण्यास योग्य होय.

अशी निगा राखली, तर जुने यंत्रही दगा देत नाही. आपल्याकडेही याचे एक सुंदर उदाहरण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी एका लहान विमानातून कराचीहून मुंबईस टपाल आणले. त्या घटनेला ५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १९८२ साली वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. त्या वेळी त्यांनी वापरलेले ‘लेपर्ड मॉथ’ विमानही १९३० नंतरच्या दशकात बांधलेल्या जातीचे होते. वैमानिक वृद्ध आणि विमानही वृद्ध. तरीही दोघे सुखरूप उतरले! त्या यशात वैमानिकाच्या कौशल्याइतकाच विमानाची निगा राखणाऱ्या हातांचाही वाटा होता.

विमान आकाशात झेपावते, तेव्हा सर्वांच्या माना वर होतात. पण जाळीवरचे कण शोधणारे, दोरावरून फडके फिरवणारे हात कोणालाच दिसत नाहीत. ते हात आपले काम कोणी पाहत नसतानाही चोख करतात, म्हणूनच वर गेलेला मनुष्य सुखरूप घरी परततो.

प्रश्न

१. विमानातील दोष ते जमिनीवर असतानाच का शोधावे लागतात?
२. पुढील गोष्टी का करतात ते सांगा : (अ) भांड्यात पेट्रोल काढणे. (आ) दोरावरून फडके फिरवणे. (इ) बोल्टांतून तार ओवणे.
३. टेकूचा गंज विशेष घातक का असतो?
४. ‘वहीतील एक खोटी ओळ पुढे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : निगा राखणे, दगा देणे, भाग पडणे, जिवावर बेतणे.
६. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू अजून उपयोगात आहे का? तिची निगा कोण व कशी राखतो, ते दहा ओळींत लिहा.