सुविचाराला पत्ता हवा!



परिपाठात रोज सुविचार असतो. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूने आपण तो लिहितो, मुलं एका सुरात वाचतात आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. माझ्या चौथीच्या वर्गातही हेच चालू होतं. एकदा मोबाईलवर आलेलं एक छान वाक्य मी डॉ. कलामांच्या नावाने लिहिलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे ते कुठं बोलले?" मला सांगता येईना. घरी जाऊन शोधलं, तर तेच वाक्य दुसऱ्या पोस्टवर विवेकानंदांच्या नावाने! दुसऱ्या दिवशी मुलांसमोर कबूल केलं, "माझं चुकलं. खात्री न करताच मी नाव लिहून टाकलं."

तेव्हापासून वर्गाचा नियम झाला : वाक्य घ्यायचं, तर त्याचा पत्ताही घ्यायचा. कोण म्हणालं, कुठे, कधी, कशावरून.

हा नियम काही नवा नाही. आपल्याच जिल्ह्यात त्याची मुळं आहेत. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींचं वास्तव्य पैठणला आणि वेरूळला होतं. ते गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' तयार झालं. त्यात एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठही नोंदवलेले आढळतात. पुढे केशिराजांनी स्वामींची वचनं वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. मोबाईल नाही, छापखाना नाही, तरी केवढी ही काळजी! मुलांना मी सांगते, "वचनं गोळा करणारा आपला पहिला मोठा गुरुजी म्हणजे म्हाइंभट."

प्रवासात तर वाक्यंच वाक्यं भेटतात. ट्रकच्या मागे, रिक्षावर, घाटातल्या पाटीवर. पैठणच्या सहलीला एस.टी.ने जाताना मी मुलांना महामंडळाचं ब्रीदवाक्य सांगितलं : 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. आता याचा पत्ता शोधा म्हटलं. शोधता शोधता गाडी थेट बुद्धांपर्यंत पोहोचली. भिक्खूंना गावोगाव फिरायला सांगताना बुद्धांनी वापरलेले हे शब्द पाली ग्रंथांत आहेत. म्हणजे चालत फिरणाऱ्यांना सांगितलेले शब्द आज लाल गाडीतून फिरतायत! पत्ता मिळाला की वाक्य असं जिवंत होतं. नुसतं पाठ करून ते होत नाही.

कधी शोध घेतला की पत्ता चुकीचाही निघतो. 'अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र' आपल्या कित्येक शाळांच्या भिंतीवर आहे. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे ते आपल्याला आपलंसं वाटतं. पण १९५३ साली लिंकन यांचं समग्र लेखन आठ खंडांत निघालं, त्यात हे पत्र नाही. मग तक्ता काढून टाकायचा का? मुळीच नाही. विचार चांगलाच आहे. फक्त खाली प्रामाणिकपणे लिहायचं, 'लिंकन यांच्या नावावर सांगितलं जाणारं पत्र'. खरं बोला असं शिकवणारा तक्ताच खोट्या नावाने टांगलेला नको.

आमच्या वर्गाची 'वचनवही' अशी आहे :

१. वाक्य, ऐकलं किंवा वाचलं तसंच. बोलीतलं असेल तर बोलीतच. शुद्ध करायचं नाही.
२. कोण म्हणालं? माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं. त्याचे गुण कापत नाही.
३. कुठे आणि कधी मिळालं? तारीख, गाव, गाडी, पाटी, पुस्तकाचं पान.
४. मला काय वाटलं? दोन ओळी. पटलं नाही, तर तेही लिहायचं.

या वहीने मला एक गोष्ट शिकवली, ती सांगून थांबते. एका मुलाने लिहून आणलं, "पाऊस कितीबी पडू दे, घागर आपली आपल्यालाच भरावी लागती." 'कोण म्हणालं' या रकान्यात होतं : माझी आजी. वर्ग हसला. "आजी काय थोर आहे का?" मुलगा खाली मान घालून बसला. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, आणि खाली थोर व्यक्तींची नावं लिहितो तसंच आजीचं पूर्ण नाव. मुलाच्या आईला फोटो पाठवला. आजींना वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा सांगत आला, "मॅडम, आजीनं दोनदा विचारलं, माझं नाव नेमकं कुठं लिहिलंय ते दाव."

आपण मुलांना पुस्तकातले थोर लोक दाखवतो, पण घरातलं शहाणपण कोणी टिपून ठेवत नाही. आजी गेली की तिची वाक्यंही जातात. म्हणून पालकहो, एक विनंती. येत्या सुट्टीत गावी जाताना मुलांच्या हातात छोटी वही आणि पेन द्या. वाटेतल्या पाट्या टिपू द्या, पण गावी पोहोचल्यावर आजी-आजोबांजवळ आधी बसवा. आणि शिक्षक मित्रांनो, उद्याचा सुविचार लिहिण्याआधी स्वतःला एकदा विचारा : याचा पत्ता मला माहीत आहे का?

तुमच्या वर्गातल्या वचनवह्यांबद्दल नक्की कळवा.