आधी काच पुसा, मग कॅमेऱ्यावर बोट ठेवा

जळगावच्या डाळमिलवाल्यांना सॉर्टेक्स काय असते ते सांगायला नको. तूर असो, उडीद असो की हरभरा, डाळ शेवटी या मशिनच्या पन्हाळीवरून घसरत येते. पुढून-मागून कॅमेरे दाणा न् दाणा पाहतात. काळा दाणा, खडा, टरफल दिसले की इजेक्टरमधून हवेचा झोत सुटतो आणि ते बाजूला उडते. पाहणे आणि उडवणे यांत अंतर काही मिलिसेकंदांचे. जळगाव-धुळ्याकडे मी अशाच कॅमेऱ्यांची बसवणी आणि दुरुस्ती करतो, आणि अनुभव असा की 'कॅमेरा गेला' म्हणून बोलावणे येते तेव्हा कॅमेरा बहुधा ठणठणीत असतो.

एका मिलमध्ये ऐन मे महिन्यात चांगली डाळ रिजेक्टमध्ये जाऊ लागली. दिवसपाळीच्या ऑपरेटरने सेन्सिटिव्हिटी कमी केली, तर रात्री खडे पास झाले. रातपाळीच्याने ती वाढवली, बॅकग्राउंडही हलवले. चार दिवसांत मूळ सेटिंग काय होते हे कोणालाच सांगता येईना. शेठ नव्या कॅमेऱ्याचा भाव विचारून मोकळे झाले होते. मी फक्त विचारले, 'भाऊ, त्रास किती वाजता होतो?' उत्तर आले, जेवणानंतर, चारपर्यंत. वर पाहिले तर छपरात उजेडासाठी पारदर्शक पत्रा नवा बसवलेला. आणि पारा पंचेचाळिशीला टेकला म्हणून मशिन गार राहावे या सद्भावनेने पुढचे झाकण उघडे. दुपारचे ऊन थेट कॅमेऱ्यासमोर उतरत होते. झाकण लावले, पत्र्यावर रंग मारला, डाळ सुधारली. उष्णतेवर खरा उपाय मशिनभोवती पार्टिशनची केबिन आणि एसी हाच. तो खर्च टाळणारे पुढे मशिनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांवर खर्च करतात.

म्हणून माझा पहिला आग्रह: सेटिंगला हात लावण्याआधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलून फरक पडला नाही तर ती पहिल्या जागी आणा, मगच दुसरी.

मग काच. डाळीची चुरी आणि पॉलिशचे तेल मिळून काचेवर असा थर बसतो की नुसती फुंकर मारून तो जात नाही. वायपरचे रबर झिजले असेल तर तो काच पुसत नाही, नुसता सारवतो. मऊ, धागे न सुटणारे कापड वापरा. खांद्यावरचा रुमाल नको, त्यात चुरीच असते.

हवेकडे तर कोणाचे लक्षच नसते. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी सोडले नाही किंवा ड्रायर बंद पडला, तर पावसाळ्यात ओली हवा इजेक्टरमध्ये जाते आणि चुरीचा चिखल होतो. कॅमेऱ्याने दाणा बरोबर पकडलेला असतो, पण उडवणारा मेलेला असतो. पन्हाळीच्या एकाच पट्टीतून खराब माल येत असेल तर इजेक्टर टेस्ट लावा आणि कान द्या. जिथे 'टक' ऐकू येत नाही, तिथे दोष.

धुळ्याकडे तेलाच्या पॅकिंग लाइनवर दुखणे वेगळे. तिथे कॅमेरा बाटलीवरची तारीख वाचतो. 'कॅमेरा आंधया व्हई गया' म्हणून बोलावले, तर चित्र अधूनमधून तुटत होते. मोटारच्या ड्राइव्हची पॉवर केबल आणि कॅमेऱ्याची नेटवर्क केबल एकाच ट्रेमध्ये, गळ्यात गळा घालून. दोन्ही वेगळ्या करा, शिल्डेड केबल घ्या, अर्थिंग तपासा. कॉम्प्युटरवर लिंकचा वेगही पाहा: केबलची एक जोडी तुटली तरी कॅमेरा दिसत राहतो, पण १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर येतो आणि फ्रेम गळू लागतात.

अक्षरे पुसट दिसत असतील तर फोकसशी झोंबण्याआधी गणित करा. पट्टा सेकंदाला एक मीटर धावतो आणि एक्स्पोजर १० मिलिसेकंद आहे, म्हणजे तेवढ्यात बाटली १० मिलिमीटर पुढे सरकली. तारीख कशी वाचणार? एक्स्पोजर ०.१ मिलिसेकंदावर आणले की सरकणे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावर येते. मात्र उजेड त्या प्रमाणात वाढवावा लागतो, आणि तो छतावरच्या ट्यूबलाइटचा चालत नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, त्यामुळे एक फोटो उजळ, एक काळा. कॅमेऱ्याला स्वतःचा एलईडी द्या आणि बाहेरचा उजेड अडवा.

इतके करूनही शंका उरली तर मशिन बंद करून संशयित कॅमेरा शेजारच्या चॅनेलच्या कॅमेऱ्याशी अदलाबदल करून लावा आणि कॅलिब्रेशन करून चालवा. दोष कॅमेऱ्याबरोबर सरकला, तर नवा मागवा. जागेवरच राहिला, तर केबल, लाइट किंवा कार्ड बघा आणि कॅमेऱ्याचे पैसे वाचवा.