गरम पाण्याचा शेजार : जपानमधील वस्तीची स्नानगृहे

स्नान ही आपल्याकडे मोरीच्या आडोशाला उरकायची नित्याची गोष्ट आहे. नदीवर किंवा तीर्थक्षेत्री ते चारचौघांत होते, पण तेथे त्याला धर्मकृत्याचे रूप येते. जपानमध्ये मात्र रोजचे साधे स्नान शेजाऱ्यांसह एकाच हौदात करण्याची प्रथा शेकडो वर्षे चालत आली आहे. तिची ओळख करून देणे व तिच्यामागील सामाजिक विचार तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

या स्नानगृहांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. 'सेंतो' म्हणजे वस्तीतील सार्वजनिक स्नानगृह. तेथे बहुधा साधे पाणी तापवतात. 'ओन्सेन' म्हणजे नैसर्गिक उष्णोदकाचा झरा. १९४८ च्या जपानी कायद्यानुसार उगमाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा त्यात नेमून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे ठरावीक प्रमाणात असावे, म्हणजे ते ओन्सेन ठरते. जपानचे बरेचसे झरे ज्वालामुखीच्या उष्णतेने तापतात. आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे येथील कुंडांची गोष्ट वेगळी आहे. तेथे पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाऊन तापते व पुन्हा वर येते.

क्यूशू बेटावरील बेप्पू शहरात या दोन्ही प्रकारांचा संगम झालेला दिसतो. तेथे उष्णोदकाचे २,००० हून अधिक उगम असून गल्लोगल्ली लहान स्नानगृहे आहेत. १८७९ साली सुरू झालेले ताकेगावारा हे त्यांतील सुप्रसिद्ध. त्याची आजची लाकडी इमारत १९३८ ची आहे. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत ती वस्तीची साधी स्नानगृहे. त्यांतील कित्येकांची व्यवस्था रहिवासीच पाहतात. खाली हौद आणि वर वस्तीची बैठकीची खोली, अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. रहिवासी महिन्याची वर्गणी देतात, तर पाहुणा दाराशी ठेवलेल्या पेटीत नाणी टाकून आत जातो.

आत जाण्याची रीत ठरलेली आहे. दारावरचा कापडी पडदा सारून पादत्राणे काढायची. पुरुष व स्त्रिया यांचे विभाग निराळे. सर्व वस्त्रे उतरवून, लहानशा बैठकीवर बसून प्रथम अंग घासून धुवायचे, साबणाचा अंशही उरू द्यायचा नाही, आणि मगच हौदात उतरायचे. हौद शेकण्यासाठी आहे, मळ काढण्यासाठी नाही. लांब केस वर बांधायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पाणी फार कढत वाटले तरी थंड पाणी सोडण्यापूर्वी आत बसलेल्यांना विचारायचे. थोडक्यात, माझ्यानंतर उतरणाऱ्याला पाणी स्वच्छ मिळाले पाहिजे, या एका सूत्रातून बहुतेक नियम निघाले आहेत.

या प्रथेला मोठा इतिहास आहे. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे १५९१ साली इसे योइची नावाच्या माणसाने स्नानगृह काढल्याचा उल्लेख जुन्या वृत्तान्तात मिळतो. लाकडी घरांच्या त्या नगरात आगीची भीती मोठी आणि जळण महाग, त्यामुळे बहुतेकांना बाहेरच्या स्नानगृहाचाच आधार होता. शिकितेइ सांबा या लेखकाने १८०९ ते १८१३ या काळात 'उकियोबुरो' हा विनोदी ग्रंथ लिहिला, तो अशा स्नानगृहातील गप्पांवरच आधारलेला आहे. वस्त्रांबरोबर पदवी आणि श्रीमंतीही बाहेर राहते, या भावनेतून जपानी भाषेत 'उघड्या अंगाचा स्नेह' अशा अर्थाचा वाक्प्रचार रूढ झाला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हौदात सर्व सारखे हे खरे. पण हौदापर्यंत कोणाला येऊ द्यायचे? होक्काइदोमधील ओतारू येथे एका स्नानगृहाने रशियन खलाशांच्या वागणुकीचे कारण सांगून सर्वच परकीयांना प्रवेश नाकारला. जपानचे नागरिकत्व घेतलेल्या एका गृहस्थालाही केवळ चेहऱ्यामुळे दाराशी अडवण्यात आले. २००२ साली सापोरोच्या न्यायालयाने हा भेदभाव अवैध ठरवून तिघा वादींना प्रत्येकी १० लाख येन भरपाई देवविली.

हे वाचताना महाडच्या चवदार तळ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे पाणी घेतले. त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडले. माझ्या आजीने लहानपणी विहिरीचे पाणी वरून ओतलेल्या धारेतून ओंजळीत घेतले आहे. म्हणून मला या दोन प्रकारच्या शुद्धतेतील भेद महत्त्वाचा वाटतो. "आधी अंग धू, मग उतर" ही अट कोणीही पाळू शकतो. जन्मावरून किंवा चेहऱ्यावरून घातलेली अट कितीही साबण लावला तरी पुरी होत नाही. पहिली अट पाणी राखते, दुसरी फक्त माणसाला दूर ठेवते.

आज ही स्नानगृहे झपाट्याने कमी होत आहेत. १९६८ च्या सुमारास जपानमध्ये जवळजवळ १८,००० सेंतो होते. आता २,००० सुद्धा उरलेले नाहीत. घरोघरी न्हाणीघर झाले, इंधन महागले, मुले वडिलांचा धंदा पुढे चालवीनाशी झाली. सेंतोच्या शुल्काची कमाल मर्यादा प्रत्येक प्रांताचा राज्यपाल ठरवतो, त्यामुळे गरिबाला स्नान परवडते. पण चालकाला मनाप्रमाणे दर वाढवता येत नाहीत.

घरात न्हाणीघर येणे ही प्रगतीच आहे, त्याबद्दल दुमत नसावे. मात्र एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची रोज विचारपूस होण्याची जागा त्याबरोबर नाहीशी होते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रगतीचा हिशेब मांडताना ही वजाबाकीही मांडली पाहिजे, असे मला वाटते.