काजळीच्या मुखाशी

"दहाची पाऊणपट किती?" गुरुजींनी विचारले.

"साडेसात!" आम्ही एकसुराने उत्तरलो.

"आज दशमी. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ अदमासे कळते. साडेसातला भरती, म्हणजे सुमारे सहा तासांनी, दीडच्या सुमारास ओहोटी. आपण त्याच वेळी खाडीवर असू."

पालीहून हातखंब्यामार्गे आम्ही रत्नागिरीस आणि तेथून भाट्यास पोहोचलो. सह्याद्रीत उगम पावलेली काजळी नदी येथे अरबी समुद्रास मिळते. पुलावरून पाहिले, तो पश्चिमेस समुद्र, दक्षिण तीरावर सुरूचे बन आणि खाडीकाठी कांदळवनाची हिरवी किनार. पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता.

"केवढी ही जागा वाया गेली! भराव घातला, तर छान मैदान होईल," आमच्यातील एकजण म्हणाला.

गुरुजी हसले. "आधी घटकाभर पाहू, मग ठरवू."

आम्ही काठाशी स्तब्ध बसलो. हळूहळू तो चिखल सजीव झाला. बिळांतून खेकडे डोकावले. एकाची एक नांगी दुसरीहून कितीतरी मोठी होती. निवट्या परांच्या आधाराने टुणटुण उड्या मारू लागल्या. तुतवार पक्षी चोचीने किडे टिपू लागला.

तिवराची मुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर आली होती. "चिखलात हवा फार थोडी, म्हणून हे झाड अशा मुळांनी श्वास घेते," गुरुजी म्हणाले. तिवराचे पान जिभेस लावले, तर ते खारट! नको असलेले मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते. त्याची शेंगेसारखी लांब रोपे फांद्यांना लोंबत होती.

"या मुळांच्या आडोशाला कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात आणि मोठी झाली की समुद्राकडे जातात. हीच मुळे काठाची माती धरून ठेवतात व लाटांचा जोर मोडतात. २०२० साली महाराष्ट्राने 'पांढरी चिप्पी' हा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केला."

एवढ्यात पाणी पुन्हा चढू लागले. आम्ही निघालो. मैदान मागणारा मित्र मात्र मागेच होता. मुळांत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी तो वाकून सोडवीत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "मैदान आपण दुसरीकडे करू."

स्वाध्याय
१. 'तो चिखल सजीव झाला' असे का म्हटले आहे?
२. तिवराचे पान खारट का लागते?
३. चतुर्थीस पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल?