नवीन गाडीचा रंग: ग्राहकाला काय सांगायचं, काय करून द्यायचं आणि काय विकायचं नाही

कार वॉशिंग आणि डिटेलिंगच्या आपल्या मालिकेत जागा, पाणी, प्रेशर मशीन आणि पोरांचे पगार यावर बोलून झालं. आज थेट रंगावर येऊ. हात कसा फिरवायचा ते व्हिडिओत दाखवलंय. त्यामागचं कारण आणि पैशाची बाजू कॅमेऱ्यासमोर नीट मांडता येत नाही, म्हणून ती इथे लिहितोय.

नवीन गाडी घेतलेला ग्राहक तुमच्याकडे येतो तेव्हा थोडा घाबरलेला असतो. डाऊन पेमेंट भरलंय, पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर आहेत आणि पहिला ओरखडा कधी पडतोय याची धास्ती आहे. अशा माणसाला काहीही विकता येतं, आणि नेमकं तिथेच बरेच जण धंदा बिघडवतात. पहिल्या आठवड्यात वीस हजार काढून घेतले आणि तो माणूस सहा महिन्यांनी बोनेटवरच्या रेघा दाखवत परत आला, तर पुढची पाच वर्षं तो दुसरीकडे गाडी धुणार. साधा हिशोब करा. महिन्याला दोन वॉश, समजा ४०० रुपयांचा एक, म्हणजे वर्षाचे ९,६०० आणि पाच वर्षांचे ४८,०००. गमवायचं काय आहे ते लक्षात आलं असेल.

आता रंग म्हणजे नेमकं काय ते बघू. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, काही गाड्यांवर शंभराच्या आतही. त्यातला क्लिअर कोट ३० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ थरात आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवतो तोही हाच थर. तो बँकेतल्या मुद्दलासारखा समजा. रबिंग कंपाऊंड मारून रेघा घालवता तेव्हा रेघ ‘भरत’ नाही, तुम्ही आजूबाजूचा क्लिअर कोट घासून तिच्या पातळीला आणता. दर वेळी एक-दोन मायक्रॉन गेले की गेले, परत येत नाहीत. म्हणून नवीन गाडीवर ‘चमक येऊ दे’ म्हणून सरसकट मशीन फिरवू नका. ग्राहक मागतोय म्हणूनही नको. पेंट गेज घेतलं असेल तर आधी मोजा. हे गेज पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. तिथे आकडा दिसला नाही म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका.

मग या रेघा येतात कुठून? उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते रस्त्यावर क्वचितच पडलेले असतात. ते फडक्याने पडतात. सोसायटीत सकाळी एक माणूस एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर जाते. धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि कोरड्या धुळीवर फडकं मारणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. त्या माणसाला दोष देऊ नका, त्याला महिन्याला मिळतात किती ते बघा. पण तुमच्या सेंटरवर हेच होत असेल तर तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय?

म्हणून पद्धत अशी. गाडी सावलीत, बोनेट हाताला थंड लागेपर्यंत थांबा. गरम पत्र्यावर शॅम्पू वाळतो आणि डाग सोडतो. आधी भरपूर पाण्याने माती सोडवा, हात अजिबात लावायचा नाही. जमलं तर फोम मारून चार-पाच मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत घालायचा. वरून खाली यायचं. चाकं आणि खालच्या पट्ट्यांचा मिट वेगळा, त्याचा रंगही वेगळा ठेवा म्हणजे पोरं गोंधळत नाहीत. शॅम्पू पीएच न्यूट्रल. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठी असतं, ते वॅक्सही काढून नेतं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. ‘झटकून घेतलं’ चालणार नाही.

खर्च वाढेल म्हणता? समजा चांगलं मायक्रोफायबर १५० रुपयांना पडलं आणि ५० गाड्या टिकलं, तर गाडीमागे ३ रुपये. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर मात्र वापरू नका, त्याने धागे चिकट होतात आणि पाणी टिपत नाहीत.

नवीन गाडीची आपल्याकडची एक खास गोष्ट म्हणजे पूजा. बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक, वर हार, कधी नारळाचं पाणी. करू नका असं सांगायला आपण कोण? पण संध्याकाळपर्यंत साध्या पाण्याने धुऊन टाका, एवढं ग्राहकाला नक्की सांगा. पांढऱ्या गाडीवर हळदीची पिवळी झाक राहते आणि वाळलेलं कुंकू कोरड्या कापडाने पुसलं की रेघा आल्याच. हार तारेवर ओवलेला असेल तर तार पत्र्याला लागू देऊ नका.

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात दोन-तीन दिवस राहिली तर क्लिअर कोटवर कायमचा खड्ड्यासारखा डाग पडतो. ओलं कापड त्यावर पाच मिनिटं ठेवायचं, मग अलगद उचलायचं, नखाने खरवडायचं नाही. याहून वाईट म्हणजे पार्किंगच्या स्लॅबमधून गळणारं चुन्याचं पाणी. ते वाळून दगडासारखं बसतं आणि रंगालाही खातं. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये गाडी लावणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला हे आवर्जून विचारा. फार जुना डाग असेल तर ‘निघेल’ असा शब्द देऊ नका.

आता कोटिंग. वॅक्स काही आठवडे टिकतं, सीलंट काही महिने, सिरॅमिक त्याहून बरंच जास्त. सिरॅमिकने पाणी आणि माती पटकन सुटते, चमक खोल दिसते, धुणं सोपं होतं. एवढं पुरेसं विकण्याजोगं आहे. पण ‘नाइन एच’ म्हणून बाजारात जे सांगतात तो पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे. त्याचा अर्थ किल्लीने ओरखडा पडणार नाही असा नव्हे. दगड उडून टवका जाणं सिरॅमिक थांबवत नाही. ते काम पीपीएफचं, म्हणजे टीपीयूच्या जाड फिल्मचं. हायवेवर रोज जाणाऱ्याला पूर्ण गाडी परवडत नसेल तर पुढचा बंपर, बोनेटची पुढची कड आणि आरसे एवढंच करून द्या. माझ्या मते बहुतेक ग्राहकांसाठी हा सगळ्यात प्रामाणिक सौदा आहे.

कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे नव्या गाडीवर कोटिंगसाठी महिनाभर थांबायची गरज नाही. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनेलला मात्र आधी पुरतं सुकू द्यावं लागतं, निदान ३० दिवस धरा आणि पेंटरलाही विचारा. डिलिव्हरीच्या वाहतुकीत एखादं पॅनेल रंगवलं गेलं असेल तर गेजवर तिथे जाडी जास्त दिसते. असं दिसलं तर आकडा ग्राहकाला दाखवा आणि फोटो काढा, पण शोरूमवर आरोप करू नका. ते काम त्याचं त्याला करू दे.

पावतीवर ‘स्क्रॅच प्रूफ’ किंवा ‘लाइफटाइम’ हे शब्द लिहू नका. लिहिलेलं आश्वासन पाळता आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार होऊ शकते, आणि तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध जातो. कोणतं प्रॉडक्ट, किती थर, कोणत्या पॅनेलवर, पहिले सात दिवस धुवायचं नाही, एवढं स्वच्छ लिहा. गाडी आत घेताना चारही बाजूंचे फोटो आणि जॉब कार्डवर ग्राहकाची सही, तीही गाडी ओली करायच्या आधी, कारण ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत.

पुढच्या व्हिडिओपर्यंत एक काम करा. तुमच्या बोअरच्या पाण्याचे चार थेंब काळ्या काचेवर टाकून उन्हात वाळू द्या. पांढरी कडी उमटली तर शेवटचं धुणं त्या पाण्याने करून गाडी तशीच वाळवणं आजपासून बंद. फिल्टर कोणता घ्यायचा आणि तो किती गाड्यांत वसूल होतो ते पुढच्या भागात बघू.