रबरी अळीत मीठ किती?

टेक्सासला स्थायिक झाल्यावर लार्जमाउथ बास मासे धरायचा नाद लागला आणि त्यापाठोपाठ गॅरेजमध्ये आमिष म्हणून मऊ प्लास्टिकच्या अळ्या ओतण्याचाही. या सगळ्या उद्योगात मिठाइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. हाताला कळलेल्या गोष्टी लिहितो.

१. मीठ घालायचं ते वजनासाठी. खारट आमिष मासा तोंडात जास्त वेळ धरून ठेवतो, असं इथले जुने गळवाले सांगतात. ते मी नाकारत नाही. पण मिठाची घनता पाण्याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि खरी करामत तिथे आहे. गॅरी यामामोटो यांची सेन्को नावाची अळी बघा. शिशाचा तुकडाही न लावता ती आडवी, दोन्ही टोकं थरथरवत खाली जाते, आणि बास पुष्कळदा ती पडत असतानाच उचलतो. म्हणून आधी पाणी बघावं. गुडघाभर पाण्यात, शेवाळावर रेंगाळत उतरायला हवी असेल तर मीठ कमी. पाणी खोल असेल, वाऱ्याने दोरीला झोल पडत असेल, तर जास्त.

२. मीठ पिठासारखं बारीक हवं आणि खडखडीत कोरडं. पॉपकॉर्नवर घालतात ते उत्तम. तरीही ओव्हनमध्ये तापवून घ्यावं. दमट मीठ तापलेल्या प्लास्टिकमध्ये पडलं की वाफ होऊन ते अंगावर उडतं. शिवाय आत बुडबुडे अडकतात, म्हणजे मिठाने दिलेलं वजन हवा खाऊन टाकते.

३. प्लास्टिसॉल म्हणजे तेलकट द्रवात कालवलेली पीव्हीसीची पूड. सुरुवातीला ते दुधासारखं दिसतं, तापताना घट्ट होतं आणि १७० अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखं स्वच्छ होतं. मीठ घालायचं ते तेव्हाच, तेही गरम, थोडं थोडं करून. गार मिठाने मिश्रण लगेच आळतं. मग पुन्हा तापवावं लागतं आणि इथेच घाई नडते. २०० अंशांच्या पुढे प्लास्टिक पिवळं पडतं, करपतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. हा वायू घसा आणि डोळे जाळतो. दार सताड उघडं, आम्लवायू अडवणारा मास्क, चष्मा, जाड हातमोजे, यात तडजोड नाही. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह या कामाला कधीही वापरू नये.

४. एका कप प्लास्टिसॉलला पाव कप मीठ, इथून सुरुवात करावी. पण प्रमाणापेक्षा ढवळणं महत्त्वाचं, कारण मीठ तळाशी बसतं. न ढवळता एकाच कपातून ओतलेल्या अळ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या गुळगुळीत, अर्धपारदर्शक असतात. शेवटच्या पांढुरक्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या. बादलीभर पाण्यात सोडल्या तर शेवटची सरळ तळ गाठते, पहिली अजून वरच तरंगत खाली येत असते. प्रत्येक साचा भरण्याआधी तळापासून ढवळावं.

५. मिठाने रंग फिका, धुरकट होतो. रंग थोडा जास्त घालावा. पाण्यासारखी पारदर्शक अळी हवी असेल तर मीठ नकोच.

६. खारी अळी लवकर फाटते. गळ शिरतो तिथूनच तडा जातो. मधोमध गळ लावायचा असेल तर अळीवर रबरी रिंग चढवून गळ तिच्याखालून घालावा, अळी बरीच जास्त टिकते. हे केवळ पैसे वाचवण्यासाठी सांगत नाही. फाटून पाण्यात पडलेल्या तुकड्यातलं मीठ विरघळतं, प्लास्टिक मात्र तळाशी राहतं आणि मासे ते गिळतात. म्हणूनच बुडालेल्या खोडांच्या, अडचणीच्या जागी मी मुद्दाम कमी मिठाची, चिवट अळी वापरतो. फाटलेल्या अळ्या खिशात टाकून घरी आणतो. त्या वितळवून पुन्हा ओतता येतात.

७. खारी अळी गळावर तशीच ठेवून घरी येऊ नये. रात्रीत गळ गंजतो. अळ्या वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवाव्यात आणि डब्यात परत टाकण्याआधी गळ गोड्या पाण्याने धुऊन पुसावेत.